मांजरीच्या जेवणाचा पंचनामा

आमच्या घरमालकांना मांजरीच्या जेवणातलं कळत होतं, एवढं मी मान्य करते. बाकी त्यांना काय कळत होतं, हे इतकी वर्षं विचार करूनही मला सांगता येणार नाही.

दारव्ह्याला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. घरमालक त्यावर नाराज होते. आपल्याला कुणी विचारलं नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. ते दिवाणी कोर्टात नाझर होते. म्हणजे जप्तीचा माल ताब्यात घ्यायचा, कुलपं घालायची, लाखेची मोहर लावायची, असलं काम. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, पण घरात अजून कोर्टच चालू होतं. गाव त्यांना नाझरसाहेब म्हणे. मीही म्हणत असे, पण मनापासून कधीच नाही.

'जे रीतसर नाही ते झालंच नाही,' हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या खोलीत एकदा विंचू निघाला. मी ओरडत अंगणात आले. नाझरसाहेब ओट्यावर बसले होते, ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "भाडेकरूने तक्रार अशी आरडाओरडा करून मांडायची नसते." तोवर त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चपलेने विंचू मारून तो केरसुणीने बाहेरही ढकलला होता. नाझरसाहेबांनी मेलेल्या विंचवाची पाहणी केली आणि माझी तक्रार निकालात निघाल्याचं मला कळवलं.

घरात मांजर होती. तिला ते 'बाईसाहेब' म्हणत. बायकोला हाक मारायची वेळ आली की म्हणत, "कोण आहे तिकडे?" तिकडे दुसरं कोण असणार? काकू मारेगावकडच्या खेड्यातल्या, बोलणं वऱ्हाडी. त्या 'मले' म्हणाल्या की नाझरसाहेब लगेच 'मला' म्हणून दुरुस्ती करीत. चाळीस वर्षं दुरुस्त करत होते आणि काकू चाळीस वर्षं 'मले'च म्हणत होत्या. त्या घरातली मला आवडलेली ती एकमेव गोष्ट.

नाझरसाहेबांचं जेवण हा एक सोहळा होता. सोवळं नेसून पाटावर बसायचं, ताटाभोवती पाणी फिरवायचं, ताटाच्या उजव्या अंगाला चित्राहुती घालायच्या, म्हणजे देवांच्या नावाने तूपभाताचे छोटे छोटे घास मांडायचे, आणि मग जेवायला लागायचं. एक घास तोंडात गेला की त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. तोवर हात मोकळा, त्यामुळे उपदेश चालू. गबागबा खाणारा माणूस गबागबा विचार करतो, असं काहीतरी. वरणभात, भाकरी, भाजी, पुन्हा भात, मग ताकभात. माझी शाळेची मधली सुट्टी संपून पुढचे तास भरायचे तरी ह्यांचा ताकभात यायचा असायचा. तोवर काकू शेजारी उभ्या. वाढायचं, पंखा घालायचा, आणि ते उठले की त्यांच्याच उष्ट्या ताटात बसून स्वतः जेवायचं. तेव्हा तशी रीतच होती, माझ्या आईनेही तेच केलं. पण माझे वडील निदान भरभर जेवत.

मांजर मुळात आली ती शेजारच्या गुलाबरावांच्या ढेपेच्या दुकानातून. गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेवर उंदीर फार, म्हणून त्यांच्याकडे मांजरांची कमी नसे. तिथे होती तेव्हा ती चपळ होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा तिचं पोट जमिनीला लागत होतं. ती खात नसे, गिळत असे. ताटलीत दूधभात पडला की डोळा मिटून उघडेपर्यंत साफ. मग थोड्या वेळाने ती नाझरसाहेबांच्या गादीवर जाऊन ओकत असे. गादी धुवायला अर्थात काकू.

ओकण्यावरून नाझरसाहेबांना जाग आली असं नाही. जाग आली ती फेट्यावरून. ट्रंकेत त्यांचा कोर्टातला जरीचा फेटा होता, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला बांधून जायचा. तो उंदरांनी कुरतडला. ट्रंकेच्या मागच्या बाजूला गंजून भोक पडलं होतं, तिथून उंदीर आत शिरले, आणि वर झाकणावर बाईसाहेब झोपलेल्या! नाझरसाहेबांनी फेटा उलगडून उन्हात धरला. त्याच्या भोकांतून त्यांना आख्खं अंगण दिसत होतं. मला इतकं हसू आलं की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मांजरीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. मला पोस्टात जायचं होतं, म्हणून मी बरोबर. दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, शेळ्या. एका शेतकऱ्याने विचारलं, "काय जी, कोंबडी हाय का टोपलीत?" नाझरसाहेब टोपली घेऊन सरळ आत गेले. डॉक्टरांनी फडकं सोडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "नाझरसाहेब, हिचं आता कुठं गाभण राहायचं वय हाय?"

"गाभण नाही. लठ्ठ आहे."

डॉक्टर भला माणूस. हसू दाबून त्यांनी तिचं पोट चाचपलं. म्हणाले, "ही गिळते. हिले हळू खायला लावा. एका जागी ढीग नका टाकू, पसरून टाका, म्हणजे वेचून वेचून खाईल. थोडं द्या, दोन-तीन वेळा द्या. उपाशी मात्र ठेवू नका, मांजर उपाशी ठेवली तं आजारी पडते. आन् एक, घरात तिले कोण कोण काय घालते ते पाहा. मांजर हवेनं नाही फुगत."

माणसाला सल्ला मिळाला की तो वापरतो. नाझरसाहेबांना सल्ला मिळाला की ते खटला उभा करीत. दुसऱ्याच दिवशी काकूंचा मिसळणाचा डबा जप्त झाला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, सगळं काढून कागदाच्या पुड्यांत बांधलं, डबा चिंचेने घासला, आणि त्याच्या वाट्यांमध्ये बाईसाहेबांचा दूधभात चिमूट चिमूट मांडला. प्रत्येक वाटीत एक नदीतला गुळगुळीत गोटा. गोट्याच्या कडेकडेने जीभ फिरवल्याशिवाय मांजरीला शीत मिळू नये, अशी ती व्यवस्था. वरणभाताच्या सुपारीएवढ्या गोळ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवायच्या, एकेका पायरीवर एक. एक खाल्ली की बाईसाहेबांनी पोट उचलून वर चढायचं. दूध परातीत पातळ पसरायचं. हे सगळं नाझरसाहेब स्वतःच्या हाताने करीत. ज्या माणसाने कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तो मांजरीसाठी जिन्यावर गोळ्या मांडत बसे.

आणि खोटं कशाला सांगू, ते जमलं. मांजर हळू खायला लागली. वाटीवाटीतून शितं वेचायची, गोटा पंजाने ढकलायची, थांबायची, पुन्हा खायची. ओकणं बंद झालं. नाझरसाहेबांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून ते दाखवलं. काकू मात्र फोडणी करताना पुड्यांत चाचपत बसायच्या, आणि एकदा हळदीच्या जागी सुंठ पडली तेव्हा त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

पण मांजर रोडावेना. हळू खाते, कमी खाते, जिना चढते, तरी पोट तेवढंच. नाझरसाहेबांच्या मते ह्याचा अर्थ एकच होता. घरात कुणीतरी चोरून घालतंय. आधी संशय माझ्यावर आला. माझ्या खोलीत दूध किती येतं, उरतं किती, हे विचारून झालं. मी फाडकन म्हणाले, "मी माझ्या चहाला पुरेल एवढंच घेते. पाहिजे तर चहा पण मोजा." मग संशय आला काकूंवर.

त्यांनी अन्नाच्या जाळीच्या कपाटाला कुलूप घातलं. दूध, तूप, साय, भात, वरण, सगळं कपाटात. किल्ली जानव्याला. ते जेवायला बसले की कपाट उघडं, कारण वाढायला लागतं. ते उठले, हात धुतला, की खटकन कुलूप आणि फटीवर लाखेची मोहर. कारण जेवणं झाली! त्यांचं झालं म्हणजे घराचं झालं, हा त्यांचा हिशेब. काकू जेवायच्या राहिल्यात हे त्यांच्या डोक्यातच येत नसे, आणि ते सांगायला जाणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. ताटात उरेल ते आणि दुरडीतली कोरडी भाकरी, एवढ्यावर त्या राहायला लागल्या. आणि नाझरसाहेबांच्या ताटात काय उरणार? ते तर बोट फिरवून ताट पुसणारे.

मी माझ्या शेगडीवर थोडं जास्त करून काकूंना हाक मारी. त्या हात जोडत. "नको वं माय. भाडेकरणीच्या घरी जेवून राह्यली म्हणतील लोक." मला त्यांचाही राग येई. कसली इज्जत सांभाळत होत्या कोण जाणे. महिन्याभरात त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या.

एका रविवारी त्या विहिरीवर पाणी ओढत होत्या. मी शेजारी कपडे धूत होते. पोहरा वर आला आणि काकूंचा हात सुटला. त्या काठावर पुढे झुकल्या, आणि मी त्यांच्या लुगड्याला धरून मागे ओढलं म्हणून वाचल्या. पोहरा खाली जाऊन आपटला. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मलाच झापलं. "या बाईंच्या पोटात काही नाही. वेळेवर आणि पोटभर खायला द्या. पुढच्या वेळी विहिरीवर धरायला कुणी असेलच असं नाही."

मी तशीच घरी आले आणि नाझरसाहेबांना सगळं सांगितलं. ते जिन्यावर गोळ्या मांडत होते. वर न बघता म्हणाले, "तिचा आहार पहिल्यापासूनच कमी आहे." मग एक गोळी बोटाने जराशी कडेला सरकवली, मांजरीला नीट घेता यावी म्हणून. त्या क्षणी त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावं असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

पुढच्या रविवारी त्यांनी पंचनामा ठरवला. कुलूप घालून, मोहर लावूनही मांजर लठ्ठच, तेव्हा आता पंचांसमक्ष दाखवून द्यायचं की मालकाकडून मांजरीला ठरलेल्या चिमटीपलीकडे काही मिळत नाही. म्हणजे उरला तो गुन्हेगार. तो कोण, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने 'घरभेदी' हा शब्द दोनदा वापरला. पंच म्हणून ढेपवाले गुलाबराव आणि समोरचे शिंपी रहीमभाई. दोघांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे बसवलं, कारण आत सोवळं. मीही जाऊन त्यांच्याजवळ बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

नाझरसाहेब पाटावर बसले. डाव्या हाताला भिंतीशी मिसळणाचा डबा, त्यात मांजरीचं चिमूटभर जेवण. ते तिने वेचून वेचून संपवलं. "पंचांनी पाहावं," नाझरसाहेब म्हणाले, "हा तिचा दुपारचा संपूर्ण आहार." मग पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, पहिला घास तोंडात घेतला आणि चावायला लागले. मांजर सावकाश उठली, ताटामागून वळसा घालून उजव्या बाजूला आली, आणि तिने चित्राहुती चाटून टाकल्या.

नाझरसाहेबांचा हात आपोआप ताटाकडे गेला. त्यांनी तूपभाताचे नवे घास करून त्याच जागी मांडले. तोंडाने चालूच, "शिस्त म्हणजे काय, तर..." मांजरीने तेही खाल्ले. पुन्हा हात गेला, पुन्हा घास मांडले गेले. त्यावर तूप चांगलं ओघळत होतं. जेवण जसं पुढे सरकलं तसे ते घासही मोठे होत गेले. वरणभात झाला, भाकरी झाली, दुसरा भात आला, आणि ताटाशेजारची जागा काही रिकामी राहिली नाही.

गुलाबराव माझ्याकडे बघायला लागले. रहीमभाईंनी दाढीत तोंड लपवलं. मला राहवेना. मी म्हणाले, "नाझरसाहेब, तुम्हीच तर घालताय तिला!"

"काय घालतोय?"

"भात. तूप. मघापासून!"

त्यांनी ताटाशेजारी पाहिलं. मग माझ्याकडे. "त्या चित्राहुती आहेत," ते म्हणाले. "जेवण होईपर्यंत त्या ताटाशेजारी असल्याच पाहिजेत. नाहीशा झाल्या तर पुन्हा घालणं प्राप्त आहे. त्या देवाच्या. मांजरीच्या आहारात त्या धरता येत नाहीत."

गुलाबराव म्हणाले, "आवो पण पोटात तं तिच्याच जाऊन राह्यल्या ना जी! देवाच्या पोटात थोड्याच चालल्या?"

"मेरे को तो शुरू से दिख रहा था," रहीमभाई हळूच म्हणाले.

तर हे असं होतं. रोज दुपारी, जेवण संपेपर्यंत, रीत मोडू नये म्हणून हा माणूस त्या मांजरीला तुपात कालवलेल्या भाताचं दुसरं जेवण घालत होता, आणि पहिलं जेवण गोट्यांआडून चिमटीचिमटीने देत होता. त्याच्या बाजूला उभी राहून त्याची बायको ते रोज बघत होती. मी नंतर काकूंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "पुरुषमाणसाच्या ताटात काय चाल्लं ते बाईनं कायले बोलावं? आन् देवाचं नाव होतं त्याले."

मांजर पुढे खरंच बारीक झाली. नाझरसाहेबांनी चित्राहुती झाल्याबरोबर त्यांवर वाटी पालथी घालण्याची काकूंची सूचना, ती आपलीच आहे असं जाहीर करून, अमलात आणली. वर्षभरात तिने एक उंदीरही धरला. त्याचं श्रेय कुणी घेतलं हे सांगायला नको. मी बदली होऊन गेले तेव्हा ते गल्लीतल्या एका नव्या माणसाला डबा आणि गोटे दाखवत होते. चित्राहुतींचं त्यात काही नव्हतं.

पण मला आठवते ती ती दुपार. गुलाबरावांचं बोलणं ऐकून नाझरसाहेब रागाने पाटावरून उठले. उठल्या उठल्या त्यांना आपली चूक कळली असावी, कारण ते क्षणभर अर्धवट वाकून राहिले. पाटावरून उठलं की जेवण संपलं, पुन्हा बसता येत नाही, ही रीत त्यांचीच. ताकभात राहिला होता. ताटात भात होता, वरण होतं, भाजी होती.

"पंचांनी आता जावं," ते म्हणाले. पंच काही उठले नाहीत.

काकू पुढे आल्या. त्यांनी नाझरसाहेबांचं ताट उचललं. मला वाटलं, नेहमीसारख्या आता त्यातच बसतील. त्यांनी ते ताट तसंच्या तसं मागच्या दारी गाईसाठी ठेवलेल्या खरकट्याच्या टोपल्यात उपडं केलं. आत येऊन फळीवरचं एक घासलेलं, कोरडं ताट घेतलं. कपाट उघडंच होतं. नाझरसाहेबांची नजर कपाटाकडे गेली, हात किल्लीकडे गेला आणि जानव्यापाशी येऊन थांबला. हात खरकटा होता. खरकट्या हाताने जानव्याला शिवतात कसं?

काकूंनी भात वाढून घेतला. वरण घेतलं, तूप घेतलं. दोन भाकऱ्या घेतल्या, भाजी घेतली, वाटीत साय घेतली. पाट आमच्याकडे तोंड करून मांडला, पदर खोचला आणि बसल्या. पहिला घास त्यांनी घाईने खाल्ला. दुसरा जरा सावकाश. मग मात्र घाई नव्हती. त्या चावत होत्या, मध्येच थांबत होत्या, भाकरीचा तुकडा सायीत बुडवत होत्या. गुलाबरावांनी मान खाली घातली होती. मी मात्र बघत होते, डोळ्यांत पाणी आलं तरी बघत होते.

नाझरसाहेब मोरीपाशी उभे होते. खरकटा हात पुढे धरलेला, वरण बोटांवर सुकत चाललेलं. त्यांच्या हातावर पाणी घालायचं काम काकूंचं. तांब्या भरलेला होता, त्यांच्या डाव्या हाताच्या अंतरावरच होता.

"पाणी," ते म्हणाले.

काकूंनी तोंडातला घास नीट चावला, गिळला, आणि पुढचा कालवता कालवता म्हणाल्या, "जेवून राह्यली ना मी. थांबा."

आणि नाझरसाहेब थांबले.